मिठाचा खटारा आणि राक्षसिणीचं बाळ

एक होता राजा. पण आजची गोष्ट राजाची नाही बरं का. राजा आपला मधे मधे येतो आणि जातो. गोष्ट आहे हौसाची. हौसा घोड्यांची गाडी हाकायची. साधा टांगा नाही हं! चांगला चार चाकांचा खटारा, वर गोणपाटाचं छत आणि पुढे तीन घोडे.

या, सरका जवळ. पाय आत घ्या पांघरुणात.

तर राजाचं गाव होतं डोंगराच्या पार डोक्यावर. त्याचं नाव टोकेनगर. गावाभोवती दगडी तट, तटाला एकच मोठा दरवाजा. आणि खाली, डोंगराच्या पायथ्याशी, समुद्र. मधे घाट. तेव्हा मोटार नव्हती, रेल्वे नव्हती. जे काही यायचं-जायचं, ते घोड्यांच्या गाडीतून. वरून गूळ खाली जायचा, घोंगड्या जायच्या, तूप जायचं. खालून नारळ वर यायचे, सुके मासे यायचे, आणि सगळ्यांत जास्त काय यायचं? मीठ! डोंगरावर मीठ कुठून पिकणार? ते समुद्राचंच.

हौसाचा बाप गाडीवान होता. तोच तिला लगाम धरायला शिकवून गेला. तिचा नवरा येसू सुतार होता, गाड्यांची चाकं बनवायचा. आणि त्यांची एक लहान मुलगी होती, गोजिरी.

आणि घोडे? पहिला पतंग. तो म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा, फार शहाणा. दुसरा झुंबर. उंच, देखणा आणि भित्रा. पान हललं तरी दचकायचा. तिसरी लवंगी. एवढीशी घोडी, पण नावासारखीच तिखट! कुणी मागून आलं की लाथ ठरलेली.

एकदा काय झालं, घाटात डोंगर रडायला लागला.

हो, रडायला! गाडीवान सांगत आले, "घाटात असा काही आवाज होतो, की दरडी कोसळतात. मोठमोठे धोंडे गडगडत येतात. आम्ही नाही जाणार." झालं. गाड्या बंद पडल्या. सगळे खटारे दांड्या वर करून उभे राहिले. आणि हळूहळू टोकेनगरातलं मीठ संपलं.

आधी आमटी अळणी झाली. लोक म्हणाले, चालायचंच. मग भाकरी अळणी झाली. लोक कुरकुरले. मग गाई-म्हशी गोठ्याच्या भिंती चाटायला लागल्या, दूध देईनात. धट्टीकट्टी माणसं काम करता करता मटकन खाली बसायला लागली, पायात गोळे यायचे. आणि आपली गोजिरी? तिला ताप आला होता. ताप गेला, पण पोर काही खाईना. पेज तोंडाला लावली की तोंड फिरवायची. "आई, याला चव नाही," म्हणायची. गाल बसले तिचे.

मग राजाने सरदाराला पाठवलं. सरदार भाला घेऊन गेला आणि धोंडा बघून परत आला. मग राजाने हत्ती पाठवला. हत्ती आवाज ऐकूनच परत आला. माहुताच्या आधी घरी पोचला म्हणे!

मग हौसा येसूला म्हणाली, "मी जाते."

येसू म्हणाला, "वेडी आहेस का? हत्ती परत आला."

"हत्तीची लेक उपाशी नव्हती," हौसा म्हणाली.

येसू उठला, चारी चाकांना वंगण घातलं, एकेक खुंटी ठोकून बघितली. मग त्याने गोजिरीला कडेवर घेतलं आणि दोघं दरवाज्यापर्यंत सोडायला आले.

निघाली हौसा. रिकामी गाडी, उताराची वाट, घोड्यांच्या गळ्यात घुंगुरमाळा. खडखड खडखड, छुनछुन छुनछुन! घाटाच्या मधोमध आली आणि ऐकते तर काय! "ऑंऽऽऽ!" कानठळ्याच बसल्या. वरून धोंडे सुटले. एक डावीकडे पडला, एक उजवीकडे पडला. झुंबर तर थरथर कापायला लागला. आता परत फिरावं, तर घाटात गाडी वळते कुठे? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

"चल पतंग!" हौसा ओरडली. "चल लवंगी! हुर्रर्र!"

आणि सोडली गाडी भरधाव! चाकं खडाडली, घुंगरं नुसती नाचायला लागली. आणि मग काय झालं ठाऊक आहे? रडणं थांबलं. एकदम. एक खडासुद्धा पडला नाही. हौसाला नवल वाटलं. पण थांबून बघायला वेळ होता कुठे? ती तशीच खाली पोचली.

समुद्राकाठी मिठाचे ढीग पडले होते, पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे. खालच्या लोकांना तर आनंद झाला. कितीतरी दिवसांनी वरून गाडी आली! त्यांनी भराभर पोती चढवली. घोड्यांना हरभरे चारले. हौसाला भात आणि माशाचं कालवण वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ! तिला गोजिरी आठवली. ताटावरून हात धुवून उठली ती, भर उन्हातच परत निघाली.

आता गाडी जड, वाट चढाची. घोडे पाऊल पाऊल चालत होते. घुंगरं हळू, चाकं हळू. आणि वळण घेतलं, तर समोर कोण?

राक्षसीण!

घाबरू नका, मी आहे ना इथे.

ताडाएवढी उंच. केसांत झाडाच्या फांद्या अडकलेल्या. डोळे लाल. पण हौसाने बघितलं, ते डोळे रागाने लाल नव्हते, जागरणाने लाल होते. आणि तिच्या कडेवर होतं बाळ. बाळ कसलं, चांगलं बैलाएवढं धूड! ते हुंदके देत होतं, आणि प्रत्येक हुंदक्याला कड्यावरचे खडे घरंगळत होते.

"थांब!" राक्षसीण म्हणाली. "तूच ना ती? तुझ्या गाडीचा आवाज ऐकून माझं बाळ निजलं. किती दिवसांनी निजलं! गाडी गेली आणि पुन्हा उठलं. आता मी तुला सोडत नाही. इथेच फिरत राहायचं, वर-खाली, वर-खाली. जन्मभर!"

हौसा म्हणाली, "बाई, माझी पण लेक आहे. वर आहे ती. पेज खाईना झालीय. हे मीठ नाही पोचलं, तर ती जगायची नाही."

राक्षसिणीने आपल्या बाळाकडे बघितलं. "मग मी काय करू?" म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज अगदी बारीक झाला.

हौसाने विचार केला. म्हणाली, "असं कर. बाळाला ठेव माझ्या गाडीत, मिठाच्या पोत्यांवर. गाडी हलेल तसं ते निजेल. आपण दोघी वर जाऊ. तिथे गावात बायका आहेत, म्हाताऱ्या आहेत. याला काय होतंय ते कुणीतरी सांगेल."

राक्षसिणीने बाळाला गाडीत ठेवलं. खटारा कुरकुरला. पण चाकं येसूच्या हातची होती, टिकली. गाडी हलली, घुंगरं वाजली. बाळाने एक जांभई दिली, आणि त्या वाऱ्याने हौसाचा पदर उडाला! मग मिटले त्याने डोळे.

"आता थांबायचं नाही हं," राक्षसीण कुजबुजली. "थांबलीस की उठेल. उठलं की अख्खा घाट खाली येईल."

झाली गंमत सुरू! गाडीत मीठ, मिठावर बाळ, आणि थांबायचं नाही!

पहिल्यांदा आला उभा चढ. भिंतीसारखा. घोड्यांच्या तोंडाला फेस आला. गाडी मागे सरकायला लागली. बाळाच्या पापण्या हलल्या! राक्षसीण लगेच मागे गेली, गाडीला हात लावला आणि म्हणाली, "हं!" आणि तुम्हाला सांगते, गाडी अशी सुटली, की ती अंगावर येईल म्हणून घोडेच पुढे पुढे पळायला लागले. लवंगीने सवयीने मागे लाथ झाडली. पण लाथ लागणार कुणाला? राक्षसीण लांब मागे, आणि मधे अख्खा खटारा!

चढ संपला. मग आली नदी. दुथडी भरून वाहणारी. जाताना रिकामी गाडी भिजत भिजत पार झाली होती. आता सांगा, नदीत मिठाची गाडी घातली तर काय होईल? बरोब्बर! सगळं मीठ विरघळून जाईल. आणि काठावर थांबावं, तर बाळ उठेल.

राक्षसिणीने काय केलं, काठावरचं एक झाड उपटलं, त्याची केली चुंबळ, ती ठेवली डोक्यावर. आणि चुंबळीवर ठेवला खटारा! घोडेबिडे सगळं, पाण्याची घागर ठेवतात ना तसं. आणि शिरली नदीत. हौसाने खाली बघितलं, तर नदी कुठच्या कुठे! पण वर काय, वर चाकांचा आवाज नाही. बाळ चुळबुळायला लागलं. ओठ काढले त्याने.

"पतंग, मान हलव!" हौसा म्हणाली. "लवंगी, हलव मान! झुंबर, अरे झुंबर!"

पण झुंबरने भीतीने डोळे गच्च मिटले होते. मग पतंगने मान हलवली, छुन. लवंगीने हलवली, छुनछुन. ते ऐकून झुंबरने एक डोळा उघडला. खाली बघितलं. आणि त्याला इतकी भीती वाटली, इतकी भीती वाटली, की तो नखशिखांत लटलट कापायला लागला. छुनछुनछुनछुनछुन! सगळ्यांत जास्त घुंगरं त्याचीच वाजली! बाळ हसलं झोपेत. आणि गाडी पलीकडच्या काठावर टेकली.

आता फक्त माळ, आणि माळाच्या शेवटी टोकेनगर. हौसाला दरवाजा दिसायला लागला. तिने घोडे दौडवले. इतक्यात तटावरच्या पहारेकऱ्यांनी बघितलं. त्यांना काय दिसलं? पुढे धुरळा, आणि मागून ताडाएवढी राक्षसीण पळत येतेय!

"राक्षसीण! राक्षसीण आली!" धाडकन दरवाजा लागला. अडसर पडला. धनुष्यं वर झाली.

आली का पंचाईत! थांबता येत नाही आणि आत जाता येत नाही. मग हौसाने लगाम खेचला आणि गाडी वळवली तटाच्या कडेने. तटाभोवती वाट होती, गोल. तिने घातला फेरा!

राजा येऊन उभा राहिला दरवाज्याच्या वर. लोकही चढले तटावर. येसू आला, कडेवर गोजिरी. आता हौसाला सांगायचं तर खूप होतं. पण ओरडलं की बाळ उठणार, आणि हळू बोललं की वर ऐकू जाणार नाही. आणि गाडी तर पळतेय!

ती दरवाज्यासमोरून गेली तेव्हा म्हणाली, "मीठ आणलंय!"

"काय म्हणाली?" राजाने विचारलं. तोवर ती गेली पुढे.

फेरा घालून आली. म्हणाली, "ती माझ्यासोबत आहे, मारू नका!"

"काय म्हणाली?"

प्रधान म्हणाला, "महाराज, मला वाटतं, ती म्हणाली, मारा."

"नाही, नाही!" येसू ओरडला. "मारू नका म्हणाली! माझी बायको आहे, मला कळतं ती काय बोलते ते!"

राजाने हात वर केला. बाण तसेच थांबले.

पुन्हा फेरा. हौसा म्हणाली, "बाळ निजलंय... गाडीत... उठवू नका!"

"बाळ?" राजा म्हणाला. "कुणाचं बाळ? हिने मीठ आणलं की बाळ आणलं?"

पण तेवढ्यात येसूचं लक्ष गेलं पतंगकडे. हौसाचंही गेलं. म्हाताऱ्या पतंगचे पाय आता एकमेकांत अडकत होते. श्वास नुसता शिट्टीसारखा वाजत होता. गुडघा टेकला त्याने, पुन्हा उठला. पुन्हा पळाला. थांब म्हटल्याशिवाय तो थांबणार नव्हता, असा घोडा होता तो.

हौसाने लगाम ओढला.

गाडी थांबली. चाकं थांबली. घुंगरं थांबली. सगळीकडे शांत.

"अगं थांबू नकोस!" राक्षसीण कळवळली. "उठेल तो!"

"उठू दे," हौसा म्हणाली. "माझा घोडा मरेल आता." आणि उतरली खाली. पतंगच्या छातीवरचा पट्टा सोडला. त्याच्या मानेला मिठी मारली. तिला रडूच आलं.

आणि बाळ उठलं.

त्याने डोळे चोळले. भोकाड पसरायला तोंड उघडलं, एवढं मोठं, गुहेएवढं! "ऑंऽऽऽ!" तटाचा एक दगड निसटला. बुरूज हलला. राजाचा मुकुट घरंगळत गेला, प्रधान त्याच्यामागे. गोजिरी येसूच्या गळ्याला बिलगली. सरदार ओरडला, "बाण सोडा!"

पण हौसा उभी होती बाळाच्या अगदी समोर, बाण सोडणार कसा? आणि तिने बघितलं, बाळाच्या लालबुंद हिरडीवर एक पांढरा ठिपका आहे. आणि लाळेची तर नुसती धार लागलेली.

"अगं बाई!" हौसा म्हणाली. "याला दात येतोय!"

लांबच्या वाटेला निघालेल्या गाडीच्या मागे एक जादा चाक बांधलेलं असायचं, वाटेत एखादं मोडलं तर लावायला. बाभळीच्या लाकडाचं, टणक. हौसा धावली मागे, दोरी सोडली, चाक ढकलत ढकलत आणलं आणि दिलं बाळाच्या हातात. बाळाने चाकाकडे बघितलं. उलटंसुलटं केलं. आणि घातलं तोंडात!

कुडुम. कुडुम. कुडुम.

रडणं बंद! सगळं गाव बघत राहिलं. बाळ आपलं चाक चावतंय, लाळ गाळतंय, पाय हलवतंय. आणि मग, कट्ट! आला दात वर. पांढरा, उखळाएवढा. आणि बाळ खदखदून हसलं.

राक्षसीण तिथेच मातीत बसली. म्हणाली, "म्हणजे त्याला काही झालं नव्हतं?"

"दात येत होता, बाई. सगळ्यांनाच येतो," हौसा म्हणाली.

"मला कुठे माहीत? पहिलंच आहे माझं. आणि विचारायचं कुणाला? मला बघितलं की सगळे पळतात." आणि ती एवढी मोठी राक्षसीण, तोंडावर हात घेऊन हुंदके देऊन रडायला लागली.

आता तटावर बायका होत्या ना, त्यांनी हे सगळं ऐकलं. एक म्हातारी म्हणाली, "अरे, ती बाळंतीण बाहेर उन्हात बसलीय आणि तुम्ही बाण कसले रोखताय? हला बाजूला!" राजाने हुकूम द्यायच्या आधीच बायकांनी अडसर काढला, दरवाजा सताड उघडला. आणि गेल्या सगळ्या बाहेर! कुणी म्हणाली, "टाळूला तेल घालतेस का?" कुणी म्हणाली, "अंगडं शिवायला हवं याला." दुसरी म्हणाली, "शिवायला काय, तंबूच लागेल!" राक्षसीण आपली सगळ्यांकडे बघत होती, मान हलवत होती, आणि रडता रडता हसत होती.

हौसाने पहिलं पोतं फोडलं. मूठभर मीठ घेतलं. येसूने तोवर घरी जाऊन चूल पेटवली होती, पेज उकळत होती. मीठ घातलं, ढवळलं, फुंकर मारली आणि गोजिरीच्या तोंडाला वाटी लावली. गोजिरीने एक घोट घेतला. थांबली. जिभेने ओठ चाटले. हौसाने तर श्वासच रोखून धरला होता.

"आई, अजून," गोजिरी म्हणाली.

वाटी संपवली तिने. दुसरी संपवली. तिसरी पिता पिता बापाच्या मांडीवरच झोपली.

आणि पतंग? हां, मला माहीत होतं विचाराल. राक्षसिणीने ओंजळभर पाणी आणलं नदीवरून. तिची ओंजळ म्हणजे हौदच! पतंग प्यायला, पायांना तेल चोळून घेतलं आणि दोन दिवस नुसता कडब्यात लोळला. बरा झाला. पण मग हौसाने त्याला पुन्हा ओझ्याला जुंपलं नाही. तो गाडीच्या पुढे मोकळाच चालायचा, वाट दाखवत.

राजाने घरोघरी मीठ वाटलं. हौसाला विचारलं, "बाई, काय हवं ते माग." हौसा म्हणाली, "महाराज, घाटात टप्प्याटप्प्यावर तबेले बांधा. दमलेला घोडा तिथे राहील, ताजा घोडा पुढे जाईल. कुठलाच घोडा पळून पळून पडायला नको." राजाने तबेले बांधले. पाण्याचे हौद बांधले, कडब्याच्या गंजी रचल्या. मग काय, गाड्याच गाड्या! गूळ खाली, नारळ वर. उभ्या चढाला राक्षसीण हात लावायची, म्हणायची, "हं!" आणि बाळ? त्याला पुढे सगळे दात आले. येसू त्याला दर दाताला एक नवीन चाक करून द्यायचा.

गोजिरी मोठी झाली, गाडी हाकायला शिकली. हौसा, येसू, राक्षसीण, बाळ, भित्रा झुंबर, तिखट लवंगी, सगळे सुखाने राहिले, पोटभर जेवले, गाढ झोपले.

चला, आता तुम्हीही. कुणी बोलायचं नाही. मिटा डोळे. हं, अशी वळ कुशीवर. मी थोपटते.